गोळी थांबते कुठे?

आपल्या हॉस्टेलात गावाकडची पोरं भरपूर. त्यांतल्या काहींच्या घरी आजोबांच्या वेळची बारा बोअरची दुनळी बंदूक असते, लायसन्ससकट. मुंबईच्या पोरांच्या डोक्यात मात्र पिक्चरमधलं पिस्तूल. त्यामुळे ‘घरात संरक्षणासाठी हत्यार ठेवलं तर काडतूस कुठलं घ्यावं?’ हा वाद मेसमध्ये अधूनमधून रंगतो, आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : जास्त पॉवरचं! शेतातल्या एकट्या वस्तीवर हे उत्तर एक वेळ चालून जाईल. लोअर परळमध्ये ते चालत नाही. का, ते बघू. गणित थोडंच आहे, घाबरू नका.

आधी एक घोळ मिटवू. काडतूस म्हणजे गोळी नव्हे. काडतुसात पितळी किंवा प्लॅस्टिकची नळी, बुडाशी प्रायमर, आत दारू (हॉस्टेलवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये) आणि तोंडाशी गोळी किंवा छर्रे असतात. बाहेर जातं ते फक्त शेवटचं.

आपल्याकडे निवडीला फारसा वावही नाही. लष्करी ९ एमएम किंवा .३८० ची काडतुसं चालवणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हर कायद्याने प्रतिबंधित वर्गात येतात. सामान्य परवानाधारकाकडे म्हणून बहुधा .३२ चं हत्यार असतं, नाहीतर १२ बोअरची बंदूक, क्वचित .३१५ ची रायफल. बारा बोअरची काडतुसं तर आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातही बनत आली आहेत. कारखाना १८६९ सालचा, २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहे.

आता गणित. .३२ पिस्तुलाची गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २७५ मीटरच्या आसपास. अर्धा एम व्ही स्क्वेअर करा : साधारण १७५ ज्यूल. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला १६० ग्रॅमचा क्रिकेटचा चेंडू १२० ज्यूल घेऊन येतो. म्हणजे फरक दीडपटसुद्धा नाही! पण चेंडूचा आडवा छेद चार हजार चौरस मिलिमीटरच्या वर आणि गोळीचा जेमतेम पन्नास. दर चौरस मिलिमीटरमागे ऊर्जा शंभरपटीहून जास्त. चेंडूने बरगडी मोडते, गोळी आरपार जाते, ते यामुळे. बारा बोअरच्या काडतुसात दोन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा असते, .३१५ रायफलीत अडीच-तीन हजार.

ही ऊर्जा माणसाला लागली नाही तर कुठे जाते? अंधारात, घाबरलेल्या हाताने झाडलेली गोळी चुकण्याचीच शक्यता जास्त, म्हणून खरा प्रश्न हाच आहे. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, एका इमारतीत ८० खोल्या. तिथल्या भिंती काँक्रीटच्या, गोळी अडवतील. पण अडवलेली गोळी उडून परत खोलीतच फिरते, आणि दार-खिडकीतून सुटली तर समोर सगळ्या मजल्याचा कॉरिडॉर. जुन्या खाजगी चाळींत दोन बिऱ्हाडांच्या मध्ये कधीकधी नुसती फळ्यांची भिंत असते. ती .३२ च्या गोळीला अडवेल असं समजू नका. आणि गिरण्यांच्या जागी झालेल्या चकाचक ऑफिसांतली जिप्सम बोर्डाची पार्टिशनं? गोळीच्या दृष्टीने तो पुठ्ठाच.

यावर कोणी म्हणेल, हॉलो पॉइंट वापरा. त्या गोळीचं टोक पोकळ असतं, शरीरात शिरताच ती फुलते, आरपार जाण्याची शक्यता कमी होते. मागचा माणूस वाचावा म्हणून अमेरिकेतले पोलीस ती वापरतात. गंमत अशी, की फुलणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग घोषणेने युद्धात बंदी आली. त्या जातीचं ‘डमडम’ हे नाव कलकत्त्याजवळच्या कारखान्यामुळे पडलेलं! पण हॉलो पॉइंट आधी बोर्डाच्या भिंतीतून गेली की पोकळीत चुरा ठासून भरतो आणि ती साध्या गोळीसारखीच वागते. म्हणजे चुकलेल्या गोळीच्या बाबतीत, जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच हा उपाय डळमळतो.

मग छर्रे? ‘छर्रे पसरतात, नेम लागतोच’ हा समज मैदानावरचा. दहा फुटांच्या खोलीत ते पसरायला जागाच नसते. मुठीएवढ्या गठ्ठ्यानेच जातात. बारीक छर्रे भिंतीपलीकडे लवकर दम तोडतात हे खरं, पण एल.जी.सारखे मटाराएवढे छर्रे म्हणजे एका बारात अनेक गोळ्या. शिवाय बंद खोलीत आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. कान कायमचे जाऊ शकतात, घरातल्या लहान मुलांचेसुद्धा.

उलट ‘.३२ म्हणजे खेळणं’ असंही ऐकू येतं. २२ एप्रिल २००६ ला इथून जवळच वरळीत, राहत्या घरी प्रमोद महाजनांवर त्यांच्या सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्या परवान्याच्या .३२ पिस्तुलाच्याच होत्या. ३ मे रोजी महाजन गेले. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेता गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली, तीही त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची. दोन्ही वेळा चोर कुठेच नव्हता.

माझं मत विचाराल तर चाळीतल्या खोलीसाठी योग्य काडतूस नावाची वस्तूच नाही. मजबूत दार, आतून अडसर, ११२ नंबर, आणि एक सणसणीत आरोळी. चाळीत त्या आरोळीवर सगळा मजला बाहेर येतो. ही सोय बंगल्यात नाही. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे (भारतीय न्याय संहिता, कलम ३४ ते ४४), पण निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गावी बंदूक असलेल्यांनी मात्र सुट्टीत गेल्यावर वडिलांबरोबर बसून तीन गोष्टी तपासाव्यात. जुन्या बंदुकीचं चेंबर कधीकधी ६५ मिलिमीटरचं असतं. त्यात आजचं ७० चं काडतूस बिनतक्रार बसतं, कारण लांबी उडाल्यानंतरची लिहिलेली असते. उडाल्यावर त्याचं तोंड पुरतं उघडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. दुसरं, घरात २० बोअरची काडतुसं पडली असतील तर वेगळी काढा. ते काडतूस १२ च्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून १२ चं भरलं आणि बार काढला की नळी फुटते. म्हणूनच २० बोअरला बहुधा पिवळा रंग देतात. तिसरं, पावसाळी हवेत पितळेवर हिरवट डाग आले असतील किंवा पुठ्ठ्याची नळी फुगली असेल तर ते वापरू नका, जाळू नका, विहिरीत टाकू नका. परवान्यावर नोंद असते, तेव्हा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा. आणि चाप ओढूनही बार झाला नाही तर लगेच उघडून बघू नका. नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा. प्रायमर कधीकधी उशिरा पेटतो.