अडथळा वयाबरोबर वाढतो
१८ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेत मुलांच्या ११० मीटर शर्यतीतले दहा अडथळे ९१.४ सेंटिमीटर उंच असतात. २० वर्षांखालील गटात ९९.१, खुल्या गटात १०६.७. दोन अडथळ्यांमधलं अंतर मात्र तेच, ९.१४ मीटर, आणि त्यात पावलं तीनच. म्हणजे लय तीच ठेवून दर टप्प्यावर झेप नव्यानं बसवायची. कित्येक गुणी मुलांची खरी कसोटी इथंच लागते.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या देवगाव रंगारीचा तेजस शिरसे या पायऱ्या चढून गेला, याचा मराठवाड्याला रास्त अभिमान आहे. महाराष्ट्राच्याच सिद्धांत थिंगलायाचा २०१७ मधला १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम त्यानं मे २०२४ मध्ये फिनलंडमध्ये मोडला. नवी वेळ : १३.४१.