शिवारातले शेजारी : आधी पोटाचं बघू

डराव आणि हुप, या दोन आवाजांची गोष्ट या आठवड्यात सांगायची होती. ती पुढे ढकलतोय. पाथरीकडच्या एका शेतकरी वाचकाने विचारलंय, ‘वानरं माझा हरभरा खातात, बेडूक कीड खातो; मग वानराचं एवढं कौतुक कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोघांच्या पोटात आहे.

लाल तोंडाचं माकड गालांतल्या पिशव्यांत दाणे कोंबून पळतं. काळतोंड्या वानराला त्या पिशव्या नाहीत. त्याला मिळालंय कप्प्याकप्प्यांचं जठर. तिथे जिवाणू पाला आंबवतात, त्यातली विषं मोडतात, म्हणूनच वड-पिंपळाचा जून पालाही त्याला पचतो. अशा पोटाला फार गोड सोसत नाही. मारुतीच्या पारावर त्याला बिस्किटं घालणाऱ्यांनी एवढं जरूर ध्यानात घ्यावं. हरभऱ्याचा कोवळा घाटा त्याला का आवडतो, तेही यातून कळतं : पाल्यापेक्षा त्यात प्रथिनं जास्त आणि बांधावरची झाडं आपणच तोडलेली.

बेडकाचं सगळं उलट. पावसाळ्यात नर हळदीसारखा पिवळा होतो तो आपला मोठा बेडूक भक्ष्य चावत बसत नाही, अख्खं गिळतो. गिळताना डोळे आत ओढून घास खाली ढकलतो. किडे, खेकडे, उंदराची पिल्लं, लहान बेडूकसुद्धा. तोंडात मावेल ते त्याचं. त्याची पिल्लंही दुसऱ्या बेडकांची पिल्लं खातात.

पण माझ्या मते खरी गंमत वेळापत्रकात आहे. मृगापासून खरीप उभा असतो तेव्हा बेडूक रानभर असतो आणि झाडं पालवलेली असल्याने वानराचं बरं चाललेलं असतं. हरभरा घाट्यावर येतो तोवर बहुतेक बेडूक काळ्या मातीत खोल गेलेले. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठी ओल टिकते, तिथे ते उशिरापर्यंत दिसतात, एवढंच. म्हणजे एकाच शिवारात दोघांच्या पाळ्या वेगळ्या. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या खात्यात मांडता येत नाही.

आणि माणसाने दोघांना वागवलंय तेही वेगळं. वानराला मारुतीने राखलं. लाल तोंडाची माकडं परदेशी प्रयोगशाळांत जात. तिथल्या हालांवरून ओरड झाली आणि १९७८ साली ती निर्यात थांबली. बेडकाच्या मागच्या तंगड्या मात्र युरोप-अमेरिकेत टनावारी जात राहिल्या. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे हुमायून अब्दुलअली या व्यापाराविरुद्ध नेटाने लढले. बेडूक पिकावरची कीड खातो, हाच त्यांच्या बाजूचा मोठा मुद्दा होता. निर्यातबंदी आली १९८७ साली. माकडासाठी दया पुरली. बेडकाला आपला उपयोग सिद्ध करावा लागला, हे मला अजूनही खटकतं.

तेव्हा पाथरीकरांना माझं सांगणं : बांधावर वड, उंबर येऊ द्या, पावसाचं डबकं लगेच बुजवू नका आणि डबक्याच्या कडेला फवारणीचा पंप धुऊ नका. आवाजांचं पुढच्या आठवड्यात.