घराखालची जमीन कुणाची?

दरवर्षी 20 मार्चला आम्ही महाडला जातो. पेण, नागोठणे, कोलाड, माणगाव असा रस्ता. निळे झेंडे, घोषणा, गाडीत दाटीवाटीने बसलेली मुलेबाळे. याच दिवसांत वीटभट्ट्यांचा हंगाम ऐन भरात असतो, आणि भट्टीवर राबणाऱ्यांत आमचे कातकरी बांधव असतात. मुकादमाकडून पावसाळ्यात घेतलेली उचल ते उन्हाळाभर फेडत असतात. कायद्याने वेठबिगारी 1976 सालीच संपली म्हणे! आमच्या गाड्या तिथे थांबत नाहीत. 1927 साली ज्या जिल्ह्यात बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला, त्याच जिल्ह्यातली ही माणसे आहेत, हे चळवळीने किती ध्यानात घेतले?

कातकरी म्हणजे खैरापासून कात काढणारा. 1878 च्या कायद्याने इंग्रजांनी जंगले राखीव केली आणि हा धंदा मोडला. पुढे जमीनदाराच्या शेतावर, मिठागरावर, कोळशाच्या भट्टीवर मजुरी आली. मजूर हाताशी असावेत म्हणून मालकाने त्यांना पडीक माळावर झोपड्या घालू दिल्या. त्यांच्याच वाड्या झाल्या. तीन-चार पिढ्या तिथे जगल्या, पण सातबारा मालकाच्याच नावावर राहिला.

माळाला किंमत नव्हती तोवर कुणाची हरकत नव्हती. आता फार्महाऊसवाले आले. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. जमीन विकताना मालकाचा नातू वाडीला विचारीत नाही. आधी कुंपण येते. मग नेहमीची वाट बंद होते, विहीर कुंपणाच्या आत जाते. भट्टीच्या हंगामात वाडी निम्मी रिकामी असते. कुंपण घालायला याहून सोयीचा काळ कोणता?

आणि सरकार म्हणते, यांना मुख्य प्रवाहात आणू. महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत कातकरी आहेत. त्यांच्यासाठी 2023 साली पीएम-जनमन योजना आली. घरकुल मंजूर झाले तरी पाया कुणाच्या जमिनीत घालायचा? 2006 चा वनहक्क कायदा वनजमिनीपुरता. खासगी माळावरच्या वाडीला त्याचा उपयोग नाही. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून 1996 चा पेसा कायदाही इथे लागू नाही. आदिवासी आहेत, पण कागदोपत्री आदिवासी क्षेत्र नाही!

मार्ग मुळीच नाही असे नव्हे. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 122 गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना देते. खासगी जमिनीवरची वाडी असेल तर भूसंपादन करावे लागेल, मालकाला मोबदला द्यावा लागेल. महामार्गासाठी हे सारे होते, मग वाडीसाठीच फाईल का अडते?

येत्या 20 मार्चला आमच्या तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी महाडहून परतताना निदान एका भट्टीवर उतरावे, कुटुंबे कोणत्या वाडीतली आहेत ते विचारावे, आणि दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडून त्या वाडीचा सातबारा काढावा.