पद्मिनीला घरी रंग देताना

मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा प्रवास ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. शेवटच्या टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २००३ साली झाली होती आणि तिची वीस वर्षांची मुदत भरली. खासगी पद्मिन्या मात्र अजून आहेत. काही निगुतीने सांभाळलेल्या, काही ताडपत्रीखाली रंग उडून पडलेल्या. गॅरेजवाला अशा गाडीला हात लावायला कुरकुरतो, कारण जागा अडते आणि वेळ जातो. मग मालकाच्या मनात येतं, घरीच रंग दिला तर? जरूर द्यावा. रंगकामात सर्वांत महाग असतो तो वेळ, आणि हौशी माणसापाशी नेमका तोच असतो. फक्त कोणता रंग घरी द्यायचा आणि कोणता नाही, हे आधी पक्कं करायला हवं.

पहिल्यांदा पत्रा बघू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. तिची पूर्वज, म्हणजे १९५३ ची इटालियन ११००, मोनोकॉक बांधणीची होती. वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्याची बॉडीच पेलते. त्यामुळे दारांखालची पट्टी, फ्लोअर किंवा डिकीचा तळ कुजला असेल, तर तो रंगाचा नव्हे, गाडीच्या मजबुतीचा प्रश्न आहे. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. टोक आत गेलं, तर आधी वेल्डर गाठा. गंजावर लांबी भरून वरून रंग मारला, तर पावसाळ्यात तिथे फुगवटा आलाच म्हणून समजा. दारांच्या खालच्या कडेला पाणी निथळायची भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून सडतं, म्हणून तीही मोकळी करा.

मोटारीचा रंग झटपट वाळू लागला तो एका युद्धानंतरच्या शोधामुळे. त्याआधी गाड्यांना तेली रंग आणि व्हार्निशचे थर चढवत, आणि ते सगळे वाळेपर्यंत आठवडे जात. पहिल्या महायुद्धात ड्यूपाँट कंपनीने स्फोटक दारूसाठी नायट्रोसेल्युलोजचं प्रचंड उत्पादन केलं होतं. युद्धानंतर त्याच पदार्थापासून ‘ड्युको’ लॅकर निघालं आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगात बाजारात आल्या. आपल्या गॅरेजांत अनेक दशकं ज्याला ‘एनसी’ म्हणत आले, तो याच जातीचा रंग. तो निव्वळ थिनर उडून वाळतो, आत काही रासायनिक क्रिया होत नाही. म्हणून पुढचा थर आधीच्या थरात विरघळून एकजीव होतो. ओघळ आला तर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा मारायचा. नवख्याच्या चुका पोटात घालणारा असा दुसरा रंग मला माहीत नाही. पण दादासाहेब फाळक्यांच्या काळातल्या सिनेमाच्या फिल्मही नायट्रोसेल्युलोजच्याच असत, आणि त्या कशा भडकत हे सर्वश्रुत आहे. घासून निघालेली कोरडी पूडसुद्धा पेट घेते. जवळपास देवघरातलं निरांजन, गॅसचा गिझर, विडी, यांतलं काहीही नको.

आता घासणं, म्हणजे या कामाचा गाभा. पत्र्यावर रंगाआधी चढवलेला सरफेसर, म्हणजे पृष्ठभाग सपाट करणारा थर, वाळला की काळ्या रंगात भरपूर थिनर घालून त्याचा नुसता शिडकावा पूर्ण पॅनेलवर उडवायचा. मग सपाट लाकडी ठोकळ्याला ४०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळायचा आणि साबणाचं पाणी सोडत तिरकं घासायचं, एकदा या अंगाने, एकदा त्या. उंच भागावरचा काळा रंग लगेच जातो, खळग्यातला तसाच राहतो. बॉनेटवर रुपयाएवढा काळा डाग उरला, तर तिथे खोलगट आहे, अजून सरफेसर हवा. उलट घासता घासता पत्रा उघडा पडला, तर तिथे उंचवटा आहे आणि तो ठोकूनच बसवावा लागेल. ठोकळा टाकून नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रुंदीचे चर पडतात. राखाडी सरफेसरवर ते दिसत नाहीत. वर चकाकी आली की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकडं होतं आणि सगळं उघडं पडतं. जुन्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिशाची संयुगं असू शकतात, म्हणून जुना रंग ओलाच घासा, तोंडाला मास्क बांधा आणि मुलांना लांब ठेवा.

दुकानदार आज सर्रास ‘टू-के’ पॉलियुरेथेन रंग पुढे करतो. चकाकी सुंदर, पेट्रोलला दाद न देणारा, वर्षानुवर्षं टिकणारा. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. भोपाळमध्ये १९८४ साली सुटलेला वायू याच रासायनिक कुळातला. हार्डनरमधलं संयुग त्याच्याइतकं उडून जाणारं नाही, तरी स्प्रे गनमधून त्याचे जे सूक्ष्म थेंब उडतात ते थेट फुप्फुसात जातात आणि कायमचा दमा लावू शकतात. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या मोठ्या कारणांत हे फवारे गणले जातात. धोकादायक पातळीलाही वास येईलच असं नाही, त्यामुळे मास्क निकामी झाल्याचं कळत नाही. तिथे बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क आणि बंदिस्त बूथच हवा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा रंग मारणं म्हणजे शेजाऱ्यांच्या जिवाशीही खेळ आहे.

तेव्हा घरी एनसी, किंवा ट्रकवाले ब्रशने चढवतात तो सिंथेटिक इनॅमल. दोन्हींचा मेळ घालताना सांभाळा: जुन्या इनॅमलवर एनसीचा थिनर पडला की खालचा थर सुरकुततो. बॉनेटच्या आतल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा घासून पाहा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो एनसी. छोटा कॉम्प्रेसर सबंध गाडीला पुरत नाही, पण साध्या, मेटॅलिक नसलेल्या रंगात एकेक पॅनेल करता येतं. हवेच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर मात्र लावाच.

शेड मूळचीच ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या रबराच्या आड उन्हापासून वाचलेला तुकडा सापडतो, तो रंगवाल्याला दाखवा. आरसी बुकात रंगाची नोंद असते. बदललात तर आरटीओत कळवावं लागतं. शिवाय पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते.

दमट हवेत एनसीवर पांढरट झाक चढते. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते. कोकणात आणि मुंबईत तर पावसाळ्यात याचं नावच काढू नये. पाऊस सरू द्या. दिवाळी झाली की घासायला बसा आणि डिसेंबर-जानेवारीत, दव उडून गेल्यावर, भर दुपारी रंग मारा. टू-केची चकाकी हवीच असेल, तर स्वतः घासून तयार केलेली गाडी बूथवाल्याकडे न्या, पण तो हार्डनर घरी आणू नका.