गोल्डन रिट्रीव्हर : कुटुंबाचा कुत्रा, कुटुंबाची जबाबदारी



'माझा आवडता प्राणी' हा निबंध लिहायला दिला की हल्ली आपल्या सुरगाण्यासारख्या डोंगराळ तालुक्यातली मुलंसुद्धा गोल्डन रिट्रीव्हरचं नाव लिहितात. लहान बाळाशेजारी झोपलेला सोनेरी कुत्रा त्यांनी मोबाईलवर पाहिलेला असतो. मग घरी हट्ट सुरू होतो, "आपण पण तसलाच आणू!" म्हणून पिल्लू आणण्याआधी या कुत्र्याची नीट ओळख करून घेऊया.

तो शांत का असतो?

ही जात मूळची स्कॉटलंडची. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ म्हणून ओळखल्या गेलेल्या जमीनदाराने १८६८ मध्ये 'नूस' नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि 'बेल' नावाची पाणस्पॅनियल कुत्री यांच्यापासून ती सुरू केली. रिट्रीव्हर म्हणजे परत आणून देणारा. शिकारीत पडलेलं बदक पाण्यातून, दात न लावता मालकाच्या हातात आणून द्यायचं, हे त्याचं काम. त्यामुळे ऐकणारे, माणसाळलेले आणि पाण्याची आवड असलेले कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या निवडले गेले. आज दिसणारा प्रेमळपणा त्यातूनच आलेला आहे. पण जन्मजात स्वभाव हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा घरच्या वागणुकीतून घडतो.

आणण्याआधी विचार करा

१) वजन आणि वय : नर साधारण २९ ते ३४ किलो, मादी २५ ते २९ किलो. म्हणजे जवळपास चौथी-पाचवीतल्या मुलाएवढं वजन! आयुष्य १० ते १२ वर्षे. पहिलीतल्या मुलासाठी आणलेलं पिल्लू तो बारावीला जाईपर्यंत सांभाळायचं असतं.

२) सोबत : हा साखळीला बांधून ठेवायचा कुत्रा नाही. राखणीलाही फारसा उपयोगी नाही, कारण अनोळखी माणसापुढेही तो शेपूट हलवतो. दिवसभर एकटा राहिला तर कंटाळतो आणि वस्तू कुरतडतो.

३) काम : रोज तासभर तरी फिरणं, पळणं हवं. डोक्यालाही काम हवं. त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे लॅब्रॉडोर रिट्रीव्हर. मुंबई पोलिसांचा प्रसिद्ध 'जंजीर' याच जातीचा. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने नुसत्या वासावरून स्फोटकांचे मोठे साठे शोधून दिले. घरच्या कुत्र्यासोबत वस्तू लपवून शोधण्याचा खेळ खेळला तरी तो खूश!

४) हवामान : अंगावर केसांचे दोन थर, तेही थंड प्रदेशासाठी. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याला दुपारी बाहेर काढू नये, सावली आणि पाणी कायम हवं. उन्हाळा म्हणून केस भादरू नयेत, नियमित विंचरावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर अंग आणि कान कोरडे ठेवणं, गोचीड तपासणं हे जवळजवळ रोजचं काम.

५) खाणं : नाशिक जिल्हा द्राक्षांचा आणि कांद्याचा. नेमक्या या दोन्ही गोष्टी कुत्र्याला घातक! द्राक्षं आणि मनुक्यांमुळे त्याची किडनी निकामी होऊ शकते, कांदा-लसणाने रक्तातल्या लाल पेशी नष्ट होतात. म्हणून कांदा घातलेली भाजी किंवा रस्सा त्याला घालू नका. चॉकलेटही नाही.

मुलांना हे नक्की सांगा

कुत्रा कितीही गरीब असला तरी तो खात असताना, झोपलेला असताना त्याला छेडायचं नाही. शेपूट-कान ओढायचे नाहीत. लहान मूल आणि कुत्रा यांना एकटं सोडायचं नाही. रेबीजची लस प्रत्येक कुत्र्याला हवी, महागड्यालाही आणि गावठीलाही. चावा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठायचा आणि लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की मग तो जवळजवळ कधीच बरा होत नाही. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी परिपाठात हा विषय जरूर घ्या.

आणि आपला गावठी कुत्रा?

पाड्यावर कोंबड्या-शेळ्या राखणारा, मुलांच्या मागे शाळेच्या फाटकापर्यंत येणारा कुत्राही कुटुंबाचाच आहे. इथलं ऊन-पाऊस त्याला सोसतं. त्याला लागते ती लस, पोटभर अन्न आणि थोडी माया. दिवाळीनंतर कुटुंब द्राक्षबागांवर मजुरीला गेलं की मागे त्याच्या भाकरी-पाण्याचं कोण बघणार, हेही आधीच ठरवायला हवं.

म्हणून शिक्षक मित्रांनो, निबंधात 'माझ्याकडे गोल्डन रिट्रीव्हर आहे' असं पाठ केलेलं वाक्य आलं तर मुलाला एवढंच विचारा, "तुझ्या घरचा कुत्रा कसा आहे रे? त्याला रोज खायला कोण घालतं?" पुढच्या दहा ओळी तो स्वतःच्या लिहील. आणि पालकांनो, पिल्लू कोणत्याही जातीचं आणा, पण दहा-बारा वर्षं त्याला सांभाळायची तयारी असेल तरच आणा.