कॉफीच्या यंत्रातील पाणी

बोरिवलीच्या पश्चिमेस गोराईची वसाहत आहे. मुंबईच्या इतर भागांप्रमाणे येथेही पाणी तानसा, वैतरणा, भातसा यांसारख्या दूरच्या जलाशयांतून नळांवाटे येते. हेच पाणी एखाद्या उपाहारगृहातील एस्प्रेसो कॉफीच्या यंत्रात शिरले, म्हणजे त्याला आणखी एक प्रवास करावा लागतो. अंतर जेमतेम हातभर. परंतु वाट मोठी अवघड.

दूध फेसाळण्यासाठी यंत्राला जोरदार वाफ हवी असते. त्यासाठी बंद टाकीतील पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवितात. उघड्या पातेल्यातील पाणी १०० अंशांच्या सुमारास उकळते. बंद टाकीत मात्र वाफ कोंडून दाब वाढतो, आणि पाणी त्याहूनही अधिक तापते. दाब प्रमाणाबाहेर गेला तर टाकी फुटावयाची! म्हणून जादा वाफ आपोआप सोडणारी झडप तिच्यावर बसविलेली असते.

कॉफीला मात्र ९० ते ९६ अंशांचेच पाणी मानवते. त्याहून कढत पाण्याने ती जळकट व कडू होते. मिलान शहरातील लुईजी बेझेरा यांनी १९०१ साली केलेल्या यंत्रात टाकीतील वाफच पाण्याला कॉफीतून ढकलीत असे. दाब वाढवावा, तर उष्णताही वाढे. मग एकाच टाकीवर वाफ आणि चांगली कॉफी, दोन्ही कशी मिळावीत?

जुन्या घरांत स्नानाचे पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. कॉफीच्या अनेक यंत्रांत हीच रचना उलटी केलेली आढळते. भोवती टाकीचे कढत पाणी, आणि मधल्या तांब्याच्या नळीतून वाहणारे ताजे पाणी. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. नळीच्या भिंतीतून केवळ उष्णता पलीकडे जाते. पुढे पितळेच्या जड तोटीतून जाताना पाण्याची थोडी उष्णता ती तोटी शोषून घेते. पाण्याला ढकलण्याचे काम येथे वाफ करीत नाही. ते पंप करतो. त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट असतो. घट्ट दाबलेल्या कॉफीच्या भुकटीतून पाणी पंचवीस-तीस सेकंदांत पेल्यात उतरते.

यंत्र बराच वेळ थांबलेले असले, तर नळीतील पाणी अधिक तापते. म्हणून जाणता कारागीर आधी थोडे पाणी सांडून देतो. पाहणाऱ्यास ती उधळपट्टी वाटते. पण कॉफी त्यामुळेच जळत नाही.

आणखी एक शत्रू आहे, आणि तो दिसत नाही. गोराईच्या उत्तरेस भाईंदरकडे मिठागरे आहेत. तेथे उन्हाने पाणी उडून जाते व मीठ मागे राहते. टाकीतही तसेच घडते. वाफ निघून जाते, पाण्यातील क्षार मागे राहतात, आणि त्यांचा पांढरा थर धातूवर चढतो. थर वाढला की उष्णता नीट पोहोचत नाही, बारीक छिद्रे बुजतात, झडपाही अडकतात. म्हणून क्षार अधिक असलेले पाणी यंत्रात घेण्यापूर्वी ते मृदू करून घेतात.