कण्हेरीच्या कुंपणावरील मावा

गुरेढोरे तोंड लावीत नाहीत, पाणी फारसे लागत नाही आणि वर्षाचा बराच काळ फुले मिळतात, या तिहेरी गुणामुळे घराच्या आवाराला कण्हेरीचे कुंपण घालण्याची चाल आपल्याकडे रुळली आहे. परंतु ज्या विषारी रसामुळे शेळीदेखील या झुडपाकडे पाठ फिरविते, त्याच रसावर पोसणारा एक कीटक थंडीच्या दिवसांत, विशेषतः हवा ढगाळ राहिली म्हणजे, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर दाटीने वस्ती करतो. अंग पिवळेजर्द, पाय काळे आणि पाठीच्या मागील टोकाशी दोन काळ्या नळ्या, असे ज्याचे रूप, तो हा कण्हेरीचा मावा. रस्त्याकडेच्या रुईवरही दिसतो तो हाच.

सोंड रसवाहिनीत खुपसून तो जो रस ओढतो त्यात शर्करा विपुल आणि नत्र अत्यल्प असल्यामुळे, पोषणापुरते नत्र मिळविण्यासाठी त्याला अतोनात रस प्यावा लागतो व अतिरिक्त साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकावी लागते. हाच खालच्या पानांवर पडणारा चिकटा. त्यावर काळी बुरशी वाढते, आणि साखरेच्या लोभाने आलेल्या मुंग्या माव्याच्या शत्रूंना हुसकावून लावून त्याचे रीतसर संरक्षण करतात. शेंडे आखडतात, कळ्या वेड्यावाकड्या होतात. मात्र थोराड कण्हेर माव्याने सहसा मरत नाही, ही गोष्ट विषारी औषधाची बाटली उघडण्यापूर्वी मालकाने ध्यानात घ्यावी.

घाई होते ती त्याची वाढ पाहून, आणि ती वाढ खरोखरच विस्मयकारक आहे. 1740 साली जिनिव्हाच्या शार्ल बोने या तरुण निसर्गाभ्यासकाने माव्याचे एकच पिल्लू जन्मतःच वेगळे काढून त्यावर अहोरात्र पाळत ठेवली, तेव्हा नराच्या संयोगावाचून त्या एका मादीने 95 पिल्ले दिली. कण्हेरीवरचा मावा तर जवळजवळ सर्वस्वी माद्यांचाच असतो; मादीच्या उदरातील पिल्लाच्या उदरातही पुढील पिढीचा गर्भ आकारू लागलेला असतो.

अशा शत्रूचा निःपात एका फवारणीने होत नाही. मुळात त्याला आमंत्रण देतो तो आपणच: वारंवार कातरलेल्या आणि युरियाने माजविलेल्या कुंपणाला जी लुसलुशीत पालवी फुटते, तीच माव्याची शिधासामग्री होय. म्हणून नत्रखताला आवर घालावा आणि फार माखलेले शेंडे तेवढे कापावेत. कापताना हातमोजे घालावेत, व ती छाटणी जाळू नये किंवा गुरांपुढे टाकू नये, कारण कण्हेरीचा धूरही अपायकारक असतो. उरलेल्या फांद्यांवर सकाळी नळीने पाण्याचा जोरदार झोत मारला म्हणजे पुष्कळसा मावा गळून पडतो, आणि त्यातले फारच थोडे पुन्हा वर चढतात. एवढ्याने भागले नाही तर निंबोळीचा पाच टक्के अर्क, म्हणजे लिटरभर पाण्यास 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून व चिमूटभर साबण मिसळून, सायंकाळी फवारावा. मुंग्यांची वारुळे कुंपणाच्या बुंध्याशी असतील तर त्यांचा बंदोबस्त प्रथम करावा, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कारण खरे काम माव्याचे भक्षक करतात. 2002 साली सांगलीकडे उसावर लोकरी मावा आला, तेव्हा रयतेचा धीर सुटू लागला होता. पुढे तो आटोक्यात आणण्यात डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांचा वाटा मोठा होता. कुंपणावरही ढालकिडे, त्यांच्या काळपट, काटेरी अळ्या आणि सिरफिड माशीच्या पाय नसलेल्या अळ्या माव्याच्या मागोमाग येतात, परंतु काही दिवसांच्या विलंबाने. आणि नेमक्या त्याच मुदतीत आपण कडक विष फवारले तर मरतात ते प्रथम हे मित्र. शेंडा डोळ्यांजवळ धरून पाहावा: पिवळ्या माव्यांत काही देह फुगून तपकिरी, कडक झालेले दिसले, तर परोपजीवी गांधीलमाशीने त्यांत अंडी घातली आहेत असे समजावे, आणि तो शेंडा कापू नये. आवाराबाहेरची रुईही उपटण्याची घाई नको. मावा तिच्यावर असतो हे खरे, पण ढालकिड्यांची पैदासही तिथेच चालू असते.